बासष्ट अर्जांवरचा एक मोबाइल

यमुताई गजभिये नागपूर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत एकतीस वर्षं कारकून होत्या. निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवरा गेला. मूलबाळ नव्हतंच, आणि हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत माणूस भिंतींशी तरी किती बोलणार? म्हणून वस्तीतल्या विहारात दर रविवारी त्या बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज भरून द्यायला बसू लागल्या. जोडीला बँकेतले कृष्णकांत असायचे. ते लॅपटॉप सांभाळायचे, यमुताई मुलांना. जातीचा दाखला विसरलेल्या पोराला त्या अशा झापायच्या की पुढच्या रविवारी ते दाखल्यासोबत आईलाही घेऊन यायचं.

अर्जाला मोबाइल नंबर लागतो. बहुतेक घरांत फोन एकच, तोही बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर ऑटोवर. मग ओटीपी सांगणार कोण? यमुताईंनी पहिल्याच वर्षी तोडगा काढला आणि आपलाच नंबर टाकला.

"ताई, हे गळ्यात पडेल," कृष्णकांत म्हणाले.

"पडू द्या. रिकामाच हाये गळा."

पाच वर्षांत तो नंबर बासष्ट अर्जांवर गेला. यमुताईचा मोबाइल टाकला की सीट पक्की, अशी पोरांत समजूतच पसरली. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन होता तीही ताईंचाच नंबर टाकू लागली. मुलं कॉलेजात गेली, नंबर तसाच राहिला. कोण परीक्षेला गैरहजर, कोणाचं गणित राहिलं, हे आईच्या आधी ताईंना कळायचं. मुलांचे फोनही यायचे, पण एवढ्यापुरतेच: "ताई, ओटीपी आला का?" आकडे सांगितले की पलीकडून थँक्यू, आणि संपलं. जेवलात का, असं एकही पोर विचारायचं नाही. ताईंना याचा राग यायचा, आणि तरी फोन खाली ठेववत नसे.

विचारणारी एकच होती, यंदा बारावी झालेली मेघा. सुट्टीत ती सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानात काम करायची. रविवारचे अर्ज आटोपले की ताईंच्या घरी यायची, चहा स्वतः टाकायची आणि तासभर काहीबाही बडबडत बसायची. तिला पुण्याच्या कॉलेजात कापडाचं डिझाइन शिकायचं होतं. प्रवेशाची यादी सोमवारी लागणार, असं सगळ्यांना सांगितलेलं.

ती गुरुवारीच लागली. मेसेज आला तो ताईंच्या फोनवर. मेघाला पुण्याची जागा मिळाली होती. शनिवारी पाचपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्याला. यमुताईंनी मेसेज दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. संध्याकाळी सांगू. मग उद्या सांगू. आणि नागपुरात काय कॉलेजं नाहीत? पोरीला इथंही मिळेलच की कुठंतरी! मनाला चोरी करायची असली की वकीलही ते घरचाच देतं. पण शुक्रवारी रात्री त्यांनी फोन सुलटा केला आणि मेसेज तिसऱ्यांदा वाचला.

शनिवारी दुपारी त्यांनी ऑटो केला आणि सीताबर्डी गाठली. मेघा काउंटरमागे ओढण्यांच्या घड्या घालत होती.

"लागली तुही सीट. पुण्याची. पाचच्या आत होकार दे." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

मेघाचा चेहरा फुलला. मग तिची नजर तारखेवर गेली.

"हा तं परवा आला. काहून नाही सांगितलं, ताई?"

फोन बिघडला होता म्हटलं असतं तर पोरीनं डोळे झाकून मानलं असतं.

"तू गेली तं माह्याकडं कोन येईन वं?" ताई म्हणाल्या. "मले भेव लागलं."

मेघानं स्वतःच्या फोनवर साइट उघडली. सव्वाचारला होकार गेला. मग तिथंच, उभ्या उभ्या, तिनं अर्जावरचा नंबर बदलायला घेतला. त्यासाठीही आधी जुन्या नंबरावर कोड येतो.

"ताई, ओटीपी आला का?"

यमुताईंनी सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले. लिहिताना मेघानं वर पाहिलं नाही.

"आईले सांगाव लागन," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. "जाते मी."

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे यमुताई शेजारच्या पोरींनाही हटकून सांगायच्या. आज त्या कोणत्या तोंडानं सांगणार होत्या?