गद्रेबाईंची हजेरी

गद्रेबाई गेल्याचं कार्ड दुपारच्या टपालाने आलं. अशुभाचं पत्र वाचून दारातच फाडून टाकायची रीत आहे, आणि सासूबाई त्यासाठी हात पुढे करून उभ्याही राहिल्या होत्या. मी ते फाडलं नाही. बाईंच्या भावाने चारच ओळी लिहिल्या होत्या... इंदू बुधवारी पहाटे गेली, शेवटी फारसा त्रास झाला नाही, तुमचं नाव एकदोनदा काढलं होतं, कळावे. ते कार्ड मी ट्रंकेत ठेवलं आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

आठवड्याभराने कल्याणला, बाई शेवटची काही वर्षं शिकवत होत्या त्या मुलींच्या शाळेत, शोकसभा झाली. एकेक वक्ता उठून सांगत होता की बाई मृदू होत्या, सोशिक होत्या, कुणाला कधी दुखावलं नाही. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होते की ही दुसऱ्याच कुणाची सभा तर नाही ना. बाई भांडखोर होत्या. हट्टी होत्या. आणि दुखावल्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नसे. सभा संपल्यावर चपला शोधताना एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "जन्मभर एवढा व्यायाम केला, काय उपयोग झाला? अडतिसाव्या वर्षी आटोपलंच ना?" दुसऱ्याने मान डोलावली. पोटात गाठ निघाली आणि सहा महिन्यांत बाई गेल्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण व्यायाम करणारी बाई लवकर मेली याचं त्यांना मनातून बरंच वाटत असावं, असं मला दिसलं. चपलांच्या ढिगाऱ्यापाशी भांडायला नको म्हणून मी तिथे गप्प राहिले. ते भांडण इथे करते.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. कल्याण-ठाण्याकडे तेव्हा कॉलेज नव्हतं, त्यामुळे आम्ही अकरा मुली रोज मुंबईच्या बाजूच्या एका कॉलेजात जात असू. विद्यापीठाचा नियम असा होता की पहिली दोन वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याने शारीरिक शिक्षणाचे तास भरायचे, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही. मुलांना पहाटे मैदानावर पळवत, डंबेल्स देत, कवायत करून घेत. मुलींचा व्यायाम मात्र लेडीज रूममध्ये होई. म्हणजे शिपाई हजेरीची वही आणून टेबलावर ठेवी, आम्ही ओळीने सह्या करत असू आणि पुन्हा विणायला बसत असू. यात काही वावगं आहे असं आम्हालाही वाटत नव्हतं, घरच्यांनाही नाही आणि कॉलेजलाही नाही. मुलींना त्रास होऊ नये म्हणून केलेली ती एक सोय होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घरी आलेल्या पाहुण्यांना ते मोठ्या कौतुकाने सांगत, "आमच्या सुमनचं कॉलेज फार समजूतदार आहे."

दिवाळीनंतरच्या टर्मला गद्रेबाई मुलींच्या व्यायामशिक्षिका म्हणून आल्या. तात्पुरती नेमणूक, तिशीच्या आसपास वय, उन्हाने रापलेला चेहरा, अंगात पांढरा पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडली, आमच्या सह्या पाहिल्या आणि विचारलं, "हे सगळं कधी केलंत?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि सांगितलं, "इथून पुढे घाम येईल त्याचीच हजेरी लागेल. चोवीस भरल्या तर टर्म, तेवीस भरल्या तर नाही."

मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. घरी माझ्यापुरती अट स्पष्ट होती. एक जरी टर्म बुडाली तरी कॉलेज बंद आणि नाशिकचं स्थळ पक्कं. अण्णांनी हे रागावून नव्हे, अगदी शांतपणे सांगितलेलं होतं, म्हणून ते खरं होतं. आणि मैदानावरचा वर्ग सकाळी पावणेसातला. त्या वेळेला डोंबिवलीहून कोण पोरींना पाठवणार? आम्ही अकराजणी बाईंकडे गेलो आणि सांगितलं की आमचं नुकसान होतंय. प्राचार्यांनीही त्यांना बोलावून घेतलं. पुढे बाईंनीच मला ते संभाषण सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "लांबच्या मुली आहेत, सही करून टाका, आजवर चाललंय." बाई म्हणाल्या, "लांबच्या आहेत तर मी जवळ जाते."

आणि खरंच आल्या. बाई कल्याणला राहत. रविवारी त्या डोंबिवलीला उतरल्या आणि स्टेशनापलीकडच्या शेतांतून जागा शोधत हिंडल्या. भात कापून, झोडून झालेलं होतं. एका आगरी बाईचं, बायजाबाईचं, शेणाने सारवलेलं गुळगुळीत खळं रिकामं पडलं होतं. मधोमध बैल बांधायचा खांब अजून तसाच होता. खो-खोला एक खांब आयता मिळाला, दुसरा बाईंनी बांबूचा रोवला. बायजाबाईने एकच अट घातली. "खल्यावर पायतान घालाचा नाय गो पोरींनो. मंग नाचा कवरा नाचाचा तवरा." बाईंनी मुकाट्याने बूट काढले. त्यांनी कुणाचं मुकाट्याने ऐकलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

संध्याकाळी कॉलेजातून परत आल्यावर, आठवड्यातून तीनदा, आम्ही अकराजणी पातळं खोचून त्या खळ्यावर. पहिले आठ दिवस पायऱ्या उतरताना आम्ही म्हाताऱ्या बायांसारख्या कण्हत होतो. बाईंना दया नव्हती. "पेठे, पाठ वाकवतेस की नमस्काराला आलेल्या सुनेसारखी मान झुकवतेस?" मला त्या आडनावानेच हाक मारत, अगदी मुलांना मारतात तशी. पण तिसऱ्या आठवड्यात खांबाला हात घालून वळताना माझा पाय घसरला नाही, श्वास अडकला नाही, आणि मागे धावणारी मुलगी मला गाठू शकली नाही. असं जोरात धावायचं मी सातव्या वर्षापासून सोडलेलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. कुणी सोडायला सांगितलं तेही आठवेना. त्या दिवशी मी घरी गेले ती भाकरीवर भाकरी खात सुटले, आणि आई नुसती बघत राहिली.

टर्म संपत आली आणि माझ्या बावीस हजेऱ्या भरल्या. तेवढ्यात आमच्याच चाळीतल्या खालच्या बिऱ्हाडातल्या नानांनी शेताकडून येताना आम्हाला पाहिलं आणि अण्णांच्या कानावर घातलं की तुमची मुलगी उघड्या रानात गुडघ्यापर्यंत पातळ खोचून पळते. अण्णा आरडाओरडा करणारे नव्हते. ते म्हणाले, "उद्यापासून जायचं नाही." मी म्हटलं, दोन हजेऱ्या कमी आहेत, टर्म जाईल. त्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात बाईंना चिठ्ठी लिहिली... कु. सुमनच्या दोन उपस्थिती कृपया मांडाव्यात. चोवीस तासांतले दोन म्हणजे त्यांना पाहुण्याच्या चहातली साखर वाटली असावी. त्यांचीही चूक नव्हती म्हणा, वर्षानुवर्षं हेच चाललेलं त्यांनी ऐकलं होतं. शुक्रवारी मी ती चिठ्ठी नेली. बाईंनी वाचली, तिच्यावरच लाल पेन्सिलीने "ती आली नव्हती" एवढं लिहिलं आणि परत दिली. सोमवारी वही ऑफिसात जमा व्हायची होती. त्या रात्री मी जेवले नाही. बाईंना मी मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळी सहाला अंगणातून हाक आली, "पेठे!" मी गॅलरीत आले तर खाली बाई उभ्या, काखेत वही. अण्णा दात घासता घासता पुढे झाले. "आपण इथे?"

"पेठेचा वर्ग घ्यायला आलेय."

"इथे? अंगणात? अहो, चाळीतली सगळी बघताहेत."

"बघू देत की," बाई म्हणाल्या. "कॉलेजात कुणी बघत नव्हतं, म्हणून तर खोटी हजेरी लागत होती."

अण्णांनी खांद्यावरच्या पंचाने तोंड पुसलं. ते आत गेले. मी कुणाच्या बाजूने उभं राहावं ते मला कळेना, आणि तेवढ्यात आई खाली गेली आणि आदल्या रात्रीची वाळत घातलेली धुणी दोरीवरून भराभर ओढून घेऊन तिने अंगण मोकळं केलं. माझी आई अण्णांच्या शब्दाबाहेर कधी गेलेली नव्हती. तिने ते कपडे छातीशी धरले आणि मला नुसती मान हलवून खुणावलं. मी पातळ खोचून खाली उतरले. एका विद्यार्थिनीचा वर्ग पाऊण तास चालला. गॅलऱ्यांतून माणसं होती, पोरं कठड्यावर होती, आणि नाना तर खास खुर्ची टाकून बसले होते.

रविवारी बाई पुन्हा हजर. या खेपेला अण्णा अंगणातल्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले, म्हणजे लक्ष नाही असं दाखवून. पंचवीस सूर्यनमस्कार होते. मध्येच नानांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय हो, आता सर्कशीत घालायची का मुलीला?" बाई त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही एक घालून दाखवा, मग बोलू." चाळ हसली. या गडबडीत बाईंचं मोजणं चुकलं. त्यांनी मला विचारलं, "किती झाले?" माझे दंड भरून आले होते. मी म्हटलं, "अठरा."

वर्तमानपत्रामागून अण्णांचा आवाज आला. "सतरा."

बाई हसल्या. त्या टर्मभरात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. अण्णांनी पत्र खाली घेतलंच नाही, पण त्यानंतरचे आठही नमस्कार त्यांनी मोठ्याने मोजले, कचेरीतल्या वहीत आकडे वाचावेत तसे. बाई जायला निघाल्या तेव्हा अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चहा घेऊन जा."

प्राचार्यांनी आधी अडवलंच. कॉलेजच्या मैदानाबाहेरची हजेरी धरता येणार नाही म्हणाले. बाईंनी नियमाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "यात मैदान कुठे लिहिलंय ते दाखवा." लिहिलेलं नव्हतं. आम्हा अकराजणींच्या टर्म मिळाल्या. मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले, आज स्वतःच्या पगारावर उभी आहे. बाईंची तात्पुरती नेमणूक मात्र पुढच्या वर्षी पुढे चालू केली नाही. शिस्तीत बसत नाहीत, एवढंच कारण दिलं म्हणतात. आणि आम्ही अकराजणी, ज्यांच्यासाठी ती बाई खळी शोधत हिंडली, एकीनेही प्राचार्यांच्या खोलीत जाऊन तोंड उघडलं नाही. मीही नाही. याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटायलाच हवी. लेडीज रूममध्ये वही पुन्हा टेबलावर येऊ लागली.

बाईंनी कल्याणच्या शाळेत नोकरी धरली आणि तिथे हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अधूनमधून भेट होई. गेल्या पावसाळ्यानंतर मी त्यांना भेटायला गेले ती शेवटची. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण उशीला टेकून न बसता ताठ बसल्या होत्या. मला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "पेठे, कंबर सुटलीय." मी म्हटलं, मूल झालं बाई, घर, शाळा... त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांनाच असतं. नमस्कार रोज घालतेस का?"

मी म्हटलं, "रोज."

वर्षभरात मी एकदाही घातले नव्हते. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. लाल पेन्सिल हातात असती तर काय लिहिलं असतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी मोसंब्याची फोड पुढे केली आणि अण्णांची चौकशी केली. मरणाच्या दारातल्या बाईला मी खोटी हजेरी सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले. तेव्हापासून पंचवीस, स्वयंपाकघरात, चूल पेटवायच्या आधी. सासूबाईंना नवल वाटलं, मग सवय झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत मी एक लहान रेघ ओढते. व्यायामाने आयुष्य वाढतं असं बाईंनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. चपलांपाशी बोलणाऱ्या त्या गृहस्थांनी हे ध्यानात ठेवावं. आपलं शरीर आपल्या हुकमात आहे, ते लोकांनी काय म्हणावं याच्या ताब्यात नाही, एवढंच त्यांनी अडतीस वर्षांत करून दाखवलं. यांनी नव्वद वर्षं जगून ते करून दाखवावं, मग उपयोगाचं विचारावं.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले, पातळ खोचलं, हात जोडले, आणि पहिल्याच नमस्काराला खाली वाकले ती उठता येईना. तशीच फरशीवर बसून राहिले. सासूबाई, ज्या बोलत नव्हत्या, त्या येऊन शेजारी बसल्या. थोड्या वेळाने कॅलेंडरकडे पाहून म्हणाल्या, "आजची रेघ ओढ गं. आज कोण विचारणार आहे?"

मी त्या चौकटीत लिहिलं, गैरहजर.