सांबरशिंगाचं टोक

सासऱ्यांच्या घरातल्या सांबरशिंगाचं झिजलेलं टोक मी नळाची गळती बुजवायच्या लांबीने भरून काढलं, कानशीने अणकुचीदार केलं आणि वरून व्हार्निश मारलं. हे करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानात ही लांबी मिळते. एक काळी कांडी, एक पांढरी. दोन्ही एकत्र मळायच्या, लावायच्या आणि तासाभराने तिचा दगड होतो. मला ती फार आवडते. करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये वस्तूंच्या दोनच जाती आहेत: मी दुरुस्त केलेल्या आणि चालू असलेल्या.

शिंगं सासऱ्यांच्या नेऱ्याच्या घरी ओटीवर, भिंतीवरच्या लाकडी पाटीला लावलेली असायची, दारातून आत शिरलं की समोरच. बायकोच्या आजोबांनी डोंगराच्या अंगाला मारलेलं सांबर, शिकारीला बंदी यायच्या कितीतरी आधीचं. वनखात्याचा रीतसर कागद सासऱ्यांच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली आहे. त्याच सांबराचा एक दात सासरे आपल्या पानाच्या चंचीत बाळगतात. घरातल्या प्रत्येक नातवंडाला दात येताना तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला आहे, माझ्या मुलीलासुद्धा. त्या दाताबद्दल कागदात काही लिहिलेलं नाही. मीही इथे काही लिहिलेलं नाही असं समजावं.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पनवेलला दाखवायला बरं, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच धूसर. पहिल्याच सकाळी चहा झाल्यावर ते उठले, भिंत चाचपत हॉलमध्ये गेले आणि टीव्हीच्या वर हात फिरवत उभे राहिले.

"बाबा, काय हवंय?" बायकोने विचारलं.

"काय नाय." ते परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "शिंग शोधतायत. घरी रोज चहा झाला की शिंगाला हात लावतात. आई गेल्यापासून."

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. शिंगाचा आणि सासूबाईंचा काय संबंध, हे विचारायची ती वेळ होती. मी विचारलं नाही. मी म्हणालो, "आणतो की!" आणि गाडी काढली.

नेऱ्याहून शिंगं आणली तेव्हा लक्षात आलं, की डाव्या शिंगाचा खालचा फाटा टोकाला तिरका कापल्यासारखा सपाट आहे. बाकी सगळी टोकं कशी भाल्यासारखी आणि हे एकच थोटकं. तीस वर्षं मी जावई म्हणून त्या ओटीवर चहा पीत होतो आणि हे मला आत्ता दिसलं. माझ्या मनात आलं, पडून मोडलं असणार. म्हाताऱ्याचा डोळा उघडेल तेव्हा समोर अख्खं, चकचकीत शिंग असेल. मी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि दोन दुपारी तिथेच राबलो. काम झालं ते इतकं बेमालूम, की बायकोला हाक मारून दाखवावंसं वाटत होतं. नशिबाने ती बँकेत गेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी शिंगं सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. "बाबा, ही घ्या तुमची."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता जावयाला शाबासकी. त्यांचा हात सरावाने डाव्या शिंगावरून खाली उतरला, फाट्यावर आला, टोकाशी थांबला. अंगठा तिथे दोनदा फिरला. मग त्यांनी शिंगं अलगद माझ्याकडे सरकवली.

"ही आमची नायत, जावय. कुनाची उचलून आनलीत?"

बायको तवा तसाच ठेवून आली. तिने टोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने हात पुसत खालीच बसली. मी घाईघाईने सांगितलं, "अगं, मोडलं होतं ना, मी नीट केलं."

"मोडलं नव्हतं," ती म्हणाली. "ते आईने उगाळलेलं होतं."

मग मला कळलं ते असं. गावात कुणाच्या पोराला गालगुंड झालं, कुणाचा पाय मुरगळला, छातीत दुखलं, की बाई वाटी घेऊन सासूबाईंकडे यायची. सासूबाई सहाण मांडायच्या. आजोबांनी शिंग कापू दिलं नव्हतं, म्हणून सासरे अख्खं शिंग भिंतीवरून उतरवून वरून तोलून धरायचे आणि सासूबाई ते एक टोक थेंबभर पाण्यात उगाळायच्या. दोघं समोरासमोर, मध्ये शिंग. एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या त्या दोघांचा संसारातला बराचसा वेळ असा गेला होता. त्यातलं आता ते तिरकं सपाट टोक तेवढंच उरलं होतं.

"आणि तुम्हाला नाही का लावलं आईने?" बायको म्हणाली. "आपल्या दिवाळसणाला?"

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरी गेलो तो दोन्ही गाल फुगवून. फोटोत नवा जावई भोपळ्यासारखा दिसतो आणि त्याच्या गालांवर पांढरे लेप आहेत. आजवर मी लोकांना सांगत आलो, की सासूबाईंनी जावयाला चंदन लावलं होतं.

सासऱ्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं लेकीला विचारलं, "बाय, तिचं आत हाय का, का कानशीनं गेलं?"

लांबी नीट चिकटावी म्हणून आधी टोक जरा खरवडायचं असतं. मी खरवडलं होतं का? अवजार हातात घेतलं की मला पुढचं काही आठवत नाही. खाली सोसायटीत काम करणाऱ्या प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, ती निघत नाही. हातोडा मारा." मी फोन ठेवून दिला.

"सहाण आणा," बायको म्हणाली.

सासूबाईंची सहाण तिने आठवण म्हणून आणली होती. गेली दोन वर्षं ती कुठे होती हे मला ठाऊक होतं, कारण गॅलरीचं दार आपटू नये म्हणून दाराला ती मीच लावली होती. ती मी पाठीमागे लपवून, शक्य तितक्या हळू आणली.

सासरे जमिनीवर बसले. पाटीवरून सोडवलेलं शिंग त्यांनी दोन्ही हातांनी वरून धरलं, आपोआप, जसं कालच धरलं होतं. मी समोर बसलो आणि पहिला वेढा दिला. सहाणेवर राखाडी पाणी उतरलं.

"उलटं झालं," सासरे म्हणाले. "ती डावरी व्हती. तिचा उतार त्या अंगाला. डाव्या हातानं करा, नायतर हाय तेपन जाईल."

तर मी डाव्या हाताने उगाळू लागलो. डाव्या हाताने मला धड जेवतासुद्धा येत नाही. राखाडी पाणी पुसायचं, थेंब टाकायचा, पुन्हा वेढे. सासरे वरून शिंगाचा कल सांभाळत होते आणि मधूनमधून "दाबू नका", "आता वायच तिरकं" असं म्हणत होते. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. आमच्यात लग्नापासून झालं नसेल एवढं बोलणं त्यात झालं. सासूबाई उगाळताना ओठांत जीभ धरायच्या हे मला कळलं. कुणाच्या पोराला लेप नेला की दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बघायला जायच्या, आणि यांना म्हणायच्या, तुमी नुसते खांबासारखे धरून बसता, शिंग माझंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाणेवरचं पाणी एकाएकी दुधासारखं झालं. सासऱ्यांनी मान वर केली. त्यांना ते दिसलं नव्हतं; वास आला होता. ओल्या शिंगाचा, जळक्या केसांसारखा मंद वास.

"थांबा! हात काढा."

मी हात काढला. त्यांनी अंगठा टोकावर ठेवला. कडेला पापुद्र्याएवढी लांबी उरली होती, ती नखाने उचकटली. मग अंगठा त्या उतारावरून इकडून तिकडे फिरत राहिला.

"हाय," ते म्हणाले. "तिचंच हाय."

बायको रडली. मी रडलो असतो, पण मनगट इतकं ठणकत होतं की आधी तिकडेच लक्ष गेलं. डावं मनगट पेरूएवढं सुजलं होतं.

सासऱ्यांनी ते चाचपलं. म्हणाले, "बाय, सहान धू."

धुतलेल्या सहाणेवर त्यांनी थेंबभर पाणी टाकलं, शिंग बायकोकडे धरायला दिलं आणि स्वतः डाव्या हाताने एक वेढा दिला.

"बाबा, नको!" मी ओरडलो. "झिजेल ते!"

"झिजवायलाच हाय." त्यांनी दुसरा वेढा दिला, बोटावर लेप घेतला आणि माझ्या मनगटाला हळूहळू, गोल गोल लावला. पट्टी नसलेला त्यांचा धूसर डोळा माझ्या दिशेने रोखलेला होता.

"सूज उतरंल, जावय," ते म्हणाले. "अक्कल नाय यायची."