दोन थेंब नीळ

"टोमाश चाललाय म्हणे! आणि जाताना आपल्या काकूंना..."

तिसऱ्या मजल्यावरच्या शीलाचं एवढंच बोलणं कानावर आलं आणि लिफ्टचा दरवाजा बंद झाला. लिफ्ट वर गेली, उरलेलं वाक्यही वर गेलं. काकू म्हणजे मीच. काकूंना काय? जिन्याने धावत गाठलं असतं, पण गुडघे!

टोमाश आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचे हे ज्या कारखान्यात आहेत, तिथे मशीन बसवायला परदेशातून आलाय. असा शेजारी मिळाला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, दारातल्या चपलांसारखे आपोआप जमतात.

पहिल्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या सिंधी सेक्रेटरींनी विचारलं, "कौनसा देश?"

"चेक."

सेक्रेटरींनी त्याला खालून वर न्याहाळलं. "चेक? बाउन्स तो नहीं होगा ना?"

टोमाशचा कॅमेरा रोलचा, आमच्या लग्नात होता तसा. छत्तीस फोटो, संपले की संपले. त्यामुळे रविवारी फिरायला निघाला की एकेका फोटोला इतका विचार करतो, की तेवढ्यात माझा कुकर होतो.

एकदा बारवी धरणाकडे निघाला. एकट्याला कसं सोडायचं? मी डबा घेऊन गाडीत बसलेच. एका गावात भाताच्या बांधावर त्याने एका आजोबांना उभं केलं. उजेड मोजला, मागे सरकला, पुढे आला, पुन्हा उजेड मोजला. शेवटी आजोबा म्हणाले, "काढ रं बाबा आता. उभा राह्यलो तवा जवान होतो मी!"

त्याला मराठी मी शिकवलं. सातवी पास बाई, पण शिकवणी पक्की! येताना रस्त्यात म्हैस दिसली. टोमाशने कॅमेरा डोळ्याला लावला आणि अदबीने म्हणाला, "हलू नका हं, प्लीज."

म्हैस हलली नाही. माझा विद्यार्थी म्हशीलाही अहो-जाहो करतो, सांगा आता!

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स घ्यायला गेलो, तिथे त्याने दुकानदाराचा फोटो काढला. "दिखाओ," दुकानदार म्हणाला. टोमाशने कॅमेरा उलटा करून दाखवला. मागे नुसतं काळं झाकण. दुकानदाराला फार वाईट वाटलं. "साईं, डिस्प्ले गया है. सामने मेरा भांजा बैठता है, दो घंटे में डाल देगा. ओरिजिनल से अच्छा!"

आता तो रोलचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीला टोमाश दिवसभर आमच्याबरोबर होता. पांढऱ्या साडीत, हातात झेंडा घेतलेला माझाही एक फोटो त्याने काढला. इतक्या वर्षांत माझा एकटीचा असा फोटो कुणी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "काकू, इथे रोल कुणी धूत नाही. मुंबईला जावं लागतं."

आमच्या लहानपणी स्टुडिओवाला हेच म्हणायचा, "रोल धुवायला टाकलाय, परवा या." मी म्हटलं, "एवढ्याशा कामाला मुंबई? मी कशाला आहे मग?" तो हसला आणि कामावर गेला. रोल माझ्या टेबलावरच राहिला. मला वाटलं, मुद्दाम ठेवलाय.

कोमट पाण्यात साबणाची पावडर टाकून डबीसकट तासभर भिजवला. दोन पाण्यांतून खळबळून काढला. शेवटी दोन थेंब नीळ, कारण आत माझी पांढरी साडी होती. आणि चिमटा लावून दोरीवर!

टोमाश आला. दोरीकडे बघत खुर्चीत बसला. "काकू... धुतला?"

"स्वच्छ!"

मग त्याने सांगितलं. धुवायचं म्हणजे अंधारात, औषधांत. त्यातूनच फोटो उमटतात. जयंतीचा अख्खा दिवस त्या डबीत होता. त्याचा, आणि माझाही. त्याने ओला रोल पिशवीत घातला आणि गेला.

त्यानंतर तीन रविवार आमची बेल वाजली नाही. मी पुरणपोळ्या पाठवल्या. ताट लख्ख धुऊन परत आलं, पण यांच्या हाती! आणि आता शीलाचं हे अर्धं वाक्य. जाताना काकूंना चार शब्द सुनावणार, दुसरं काय! ऐकून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं.

चौथ्या रविवारी बेल वाजली. टोमाश दारात, हातात लांब पुठ्ठ्याची नळी. त्याने आतून मोठा कागद काढून जमिनीवर उलगडला. मिरवणूक होती. गर्दीवर सगळीकडे साबणाचे बुडबुडे फुटल्यासारखे रंग. मधोमध मी, आणि माझी पांढरी साडी निळी! हातातल्या झेंड्यासारखीच निळी!

"तीन आठवडे घरी जातोय," तो म्हणाला. "आमच्या गावात रोलवाल्यांचं प्रदर्शन आहे. डबी उघडली नव्हती, म्हणून मुंबईत फोटो उमटले. हा एवढा मोठा करून घ्यायला वेळ लागला. काकूंना घेऊन जाऊ? समोरच्या भिंतीवर लावतो."

मी मान डोलावली.

"खाली कृती लिहायची आहे. नीळ किती?"

"दोन थेंब," मी पदर सारखा करून सांगितलं. "आणि लिही, तिसरा पडला की बिघडतं."

त्याने मला पुन्हा गुंडाळून नळीत घातलं. आमचे हे त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. माझा कान दाराशीच होता.

"टोमाश, काकूला परत आण बरं का," हे म्हणाले. "पण अशीच गुंडाळून आण. गप्प असते!"