गावात ये, मारुतीपाशी

नागपूरहून निघताना मुलगा म्हणाला, "कोथरूडमध्ये आता बघण्यासारखं काय उरलंय?" म्हटलं, "तेच बघायला चाललेय." खरं तर मला एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता. साठेक वर्षांपूर्वी माझी मैत्रीण हिरा मारुतीपाशी का आली नव्हती?

पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं आमचं बिऱ्हाड वाहून गेलं आणि आम्ही कोथरूडच्या नव्या वसाहतीत आलो. शेतात ओळीनं बांधलेली बैठी घरं, सगळी एका छापाची. पहिल्याच आठवड्यात मी चुकून पलीकडच्या ओळीतल्या घरात शिरले आणि पाटावर बसून वरणभात मागितला. तिथल्या काकूंनी तो वाढला आणि मग विचारलं, "आपण कोणाच्या?"

मेट्रोतून उतरले, तर वसाहतीचा मागमूस नाही. उंच इमारती, क्लासच्या पाट्या, दुचाक्यांची गर्दी. एका किराणा दुकानदाराला विचारलं, "इथे बैठी घरं होती ना?"

"होती. ती उभी राहिली," तो मान वर न करता म्हणाला.

"आणि जुन्या गावातल्या हिराबाई?"

"समोर चहावाल्याला विचारा. इथे किराणा मिळतो."

चहावाल्यानं मला गावठाणात (गावाच्या मूळ वस्तीत) धाडलं. हिरा माझ्या वर्गात होती. आमची वसाहत ज्या शेतांवर उठली, त्यातलं एक तिच्या वडिलांचं, तात्यांचं. उरलेल्या तुकड्यातली भाजी ते रोज मंडईत न्यायचे. सातवीनंतर हिराची शाळा सोडवून तिला मुळशीला आत्याकडे पाठवायचं ठरलं. तेव्हा ती मला म्हणाली होती, "उद्या सांच्याला मास्तरांना घिऊन गावात ये, मारुतीपाशी. तात्या तिथं असत्यात. मास्तरांचं ऐकतील त्ये."

मास्तर म्हणजे माझे बाबा, पेठेतल्या शाळेत शिकवायचे. आम्ही गेलो, दिवेलागणीपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मुळशीला गेली.

दार हिरानंच उघडलं. नवरा गेल्यावर ती माहेरी, भावाकडे परतली होती. मी नाव सांगितलं. तिनं मला नीट न्याहाळलं आणि गरम भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी वाढली. रुसवा होता, पण पाहुणचारात कसूर नव्हती. दोन घास पोटात गेल्यावर म्हणाली, "तू आली न्हाईस."

"मी? तूच आली नाहीस! आम्ही किती वाट बघितली."

"कुठं?"

"गावात. पत्र्या मारुतीला."

तिचा भाकरी वाढणारा हात थांबला. "नारायण पेठेत? आगं, ते पुणं. गाव ह्ये हाय!"

मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. वसाहतीतली सगळी माणसं पेठेत जाताना 'गावात जाऊन येतो' म्हणायची. ज्यांच्या शेतात आपण राहतो त्यांचंही एक गाव आहे, त्यातही मारुती आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांच्याही नाही. तात्या पेठेजवळच्या मंडईत येतात, म्हणजे मारुती पेठेतलाच, असं त्यांनी धरलं.

"मास्तर आलते?" हिरानं हळूच विचारलं.

"आले होते. इस्त्रीचा सदरा घालून, मला सायकलवर बसवून."

"म्हंजी आलते." ती ताटाकडे बघत राहिली. "मला वाटायचं, रानातल्या पोरीसाठी कशाला येतील त्ये."

निघताना तिनं माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या आणि पुन्हा ये म्हणून दटावलं.

परतीच्या गाडीत मला हायसं वाटत होतं आणि वाईटही. शिकली असती तर हिरा काय झाली असती, हे आता कुणालाच कळणार नाही. आम्हा दोघींना उशिरा का होईना उत्तर मिळालं. बाबांना ते मिळालं नाही. ते शेवटपर्यंत म्हणायचे, "तात्यांनीच पोरीला अडवलं असेल. आली असती, तर मी बोललो असतो गं."