एक भिंत राखून

मुलाचं लग्न ठरलं आणि घरात खोली कमी पडते हे आम्हाला अचानक दिसलं. नालवाडीतल्या आमच्या घरामागे एक जुनी, बुटकी मोरी होती. ती पाडून तिथं खोली काढायची, असं ठरलं.

यांचं म्हणणं, आधी परवानगी काढू. यांचं देवळीला कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला कापड फाडून देण्याआधी दोनदा मोजतात, तसा स्वभाव. "परवानगी घेतली तं शेजारच्या बाजूनं जागा सोडा लागन," हे म्हणाले, "पण सोडू."

"सोडा मग," मी म्हणाले. "नव्या सुनेनं पलंगावरून उडी मारून कपाटाकडे जायचं का?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हे पेपर उघडतात. त्या दिवशीही उघडला. म्हणजे जागा न सोडण्याचं ठरवणारी मीच होते, आणि हे मला आता दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

खरं तर जागा का सोडायची, हे दोघांनाही ठाऊक होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे लगेच मावशींचं स्वयंपाकघर. मावशी म्हणजे आमच्या शेजारीण, एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आणि ती आमच्याकडे तोंड करून. भाजीची वाटी आमच्याकडून तिकडे, लोणच्याची तिकडून इकडे, सगळा व्यवहार त्या खिडकीतून. आमच्या मुलाला लहानपणी ताप आला की मी मोरीजवळ उभी राहून हाक मारायची आणि मावशी खिडकीतूनच काढ्याचं सांगायच्या.

मिस्त्रीनं तोडगा काढला. "एक भिंत जुनी ठेवा, बाई. घराकडची. मंग ते बांधकाम नाई होत, दुरुस्ती होते. दुरुस्तीले कोण विचारते?"

आमच्या भागात हा शब्द फार कामाचा आहे. अख्खं घर नवं होतं आणि त्यात कुठेतरी एक जुनी भिंत उभी राहते, साक्षीदारासारखी. मला तो शब्द इतका आवडला, की मी लगेच मागे जाऊन मावशींना सांगून टाकलं, "थोडी दुरुस्ती काढली आहे मावशी, धूळ येईल."

"येऊ दे नं," त्या म्हणाल्या. "लग्नघर आहे, दुरुस्ती तं लागतेच. पाणी कमी पडलं तं माह्या नळाले पाइप लावजो."

लावलाही. आमच्या खोलीच्या सिमेंटात त्यांच्या नळाचं पाणी आहे.

पाया भरला तेव्हा ग्रामपंचायतीचा माणूस गल्लीत आला. गाडीवरूनच त्यानं मावशींना विचारलं, कारण त्या फाटकाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी आमच्या दाराआड. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत.

"नवं बांधकाम चालू आहे का जी इथं?"

"नाई बाप्पा. मोरीची दुरुस्ती करून राह्यले ते. मले सांगतलं नं तिनं."

तो गेला. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. मला त्या वेळी आनंद झाला होता, याची सगळ्यात जास्त लाज वाटते. संध्याकाळी मी शिरा केला आणि वाटीभर खिडकीतून दिला.

कुंपणालगतची नवी भिंत मावशींच्या खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आली तेव्हा मिस्त्री थांबला. "इथून वर नेऊ का?" यांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही आत सरकता आलं असतं. थोडा पाया वाया गेला असता, थोडी खोली. मी म्हणाले, "न्या."

लग्नात मावशी आल्या, अहेर दिला, जेवून गेल्या. खिडकीचा विषयही नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती: आमच्याच जागेत बांधलं, तुमची खिडकीच चुकीच्या बाजूला होती, सगळेच असं करतात. भांडण झालं असतं तर मी जिंकले असते. त्यांनी ती संधीच दिली नाही.

नंतर सुनेला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेले. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लागला होता. खिडकीच्या जागी आतून विटा लावून कोनाडा केला होता आणि त्यात डाळी-साखरेचे डबे ओळीनं मांडले होते.

सून रोहणा गावची, सरळ विचारणारी. "इथं खिडकी होती का, आजी?"

मावशी साखरेच्या डब्याचं झाकण काढत होत्या. "होती. दुरुस्ती केली."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चहात साखर नेहमीसारखी माझ्या आवडीची, जास्त घातली. तो चहा मी कसाबसा संपवला.

परत येताना सुनेनं विचारलं, "आई, खिडकी बुजवली त्याले त्या दुरुस्ती काऊन म्हणतात?"

"आपल्या गल्लीत तसंच म्हणतात," मी म्हणाले, आणि ती तिच्या नव्या खोलीत गेली.