पाण्यातला धान

पीकविमा काढायचा हट्ट माझा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पान्यापासून धान हातानं वाचवा लागते, कागदानं नाई." मी ऐकलं नाही. आमच्या एकोडीच्या घराचं सगळं त्या धानावर, आणि लेकीला नर्सिंगला घालायचं होतं. एका पावसानं पोरीचं शिक्षण बुडावं, हे मला मान्य नव्हतं.

पाऊस आलाच. धान कापून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सुकायला पसरला होता, त्यावर दोन दिवस कोसळला. उघडल्याबरोबर मी फोनवर नुकसान कळवलं. तिकडून सांगितलं, पाहणी होईपर्यंत काही हलवू नका. घरात तसं बजावून मी कागदांच्या झेरॉक्स काढायला साकोलीला गेले.

परत येते तर बांधी साफ! आमच्याकडे कापलेला धान पाण्यात दिसला की रस्त्यानं जाणारासुद्धा चपला काढून उतरतो, कोणाला बोलवावं लागत नाही. मामाजींनी सुरुवात केली, गाव धावलं, आणि सगळा धान धुऱ्यावर, कडेच्या उंच बांधावर, चढला. मामाजी खुशीत होते.

पाहणीवाला दुसऱ्या दिवशी आला. "नुकसान कुठं आहे?" मामाजींनी कोंब फुटलेल्या लोंब्या त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "पीक शेतात पसरलेलं असतं तर लिहिलं असतं." विमा नामंजूर झाला. वाचवलेला धान काळा पडला, व्यापाऱ्यानं हात लावला नाही. लेक वर्षभर घरी बसली. मला भयंकर राग आला होता. महिनाभर मी मामाजींना ताट वाढलं, पण तोंडाला कुलूप.

पुढच्या हंगामात विम्याची पावती त्यांनीच आणून माझ्यापुढे ठेवली. धान कापला, आणि पुन्हा तोच पाऊस. मी फोन केला. मामाजी सकाळीच धुऱ्यावर जाऊन बसले. शेजारी चपला काढू लागले की ओरडत, "हात लावू नोका!" लोक म्हणाले, म्हातारा बिघडला.

दुपारी डबा घेऊन गेले तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. समोर पाण्यात धान. डबा त्यांनी उघडला नाही.

"मामाजी, घरी चला. कोणी नाही उचलत आता."

"लोकाईले मी थांबवतो," ते म्हणाले. "मले कोन थांबवन? तू बस इथं."

मी बसले.

दुसऱ्या दिवशी पाहणीवाला आला. फोटो काढले, सही घेतली. त्याच विम्यावर लेक नर्सिंगला गेली. पण त्या दिवशी ते काहीच ठाऊक नव्हतं. पाहणीवाल्याची मोटारसायकल वळणाआड गेली, तसे मामाजी उठले, चपला काढल्या आणि बांधीत उतरले. कुजका धान मूठ मूठ उचलून धुऱ्यावर ठेवू लागले.

मीही चपला काढल्या.