उंबऱ्याच्या आतला केर

लढाई पेटली आणि फौजेतल्या माझ्या मुलाला सुट्टीवरून परत बोलावलं. हदगावच्या स्टँडवर त्याला एसटीत बसवून आले, पण केरसुणीला हात लावला नाही. गेलेला माणूस पोचेपर्यंत घर झाडू नये म्हणतात. आम्ही बौद्ध, असलं मानत नाही. तरी धीर होईना, कारण पोचल्याचा फोनच नव्हता.

टीव्हीवर युद्धबंदी जाहीर झाली. शेजारीण पेढे घेऊन आली. म्हणाली, "आता तरी झाडा वहिनी, लई कचरा झालाय."

मी झाडलं. केर भरून दारापर्यंत आले, तोच टीव्हीवर सांगितलं, गोळीबार पुन्हा सुरू झालाय. मी सगळा केर घरात परत पसरला.

पुढे त्याचा फोन आला, मुलगा सुखरूप आहे. गल्लीला ते पेढे आठवतात. मी अजून फोनवर मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय केर बाहेर टाकत नाही.